कपालेश्वर ते गोंदेश्वर, गाईडसोबत अर्धा दिवस: आमचा अनुभव

आम्ही पंचवटीतलेच, कपालेश्वराच्या पायऱ्या लहानपणापासून चढतोय, त्यामुळे आपल्याच गावात गाईड कशाला हे मला आधी अजिबात पटत नव्हतं. पण पुण्याहून वहिनी आणि तिची दोन पोरं आली होती, आईला कधीपासून सिन्नरचं गोंदेश्वर बघायचं होतं, मग बुक करून टाकलं. माणशी ४०० रुपये, गाडी आपली. खरं सांगायचं तर मागच्या वर्षी एका ट्रॅव्हलवाल्यांच्या बसने दर्शन केलं होतं तेव्हा प्रत्येक देवळात दहा मिनिटं, फोटो काढा आणि चला, असलं झालं होतं आणि आई अर्ध्या ठिकाणी नीट नमस्कारही करू शकली नव्हती. म्हणून यावेळी फार अपेक्षाच ठेवली नव्हती.

गाईड दादा आले वीस मिनिटं उशिरा. हे आधीच लिहितो कारण सकाळी साडेसहाला उपाशी पोरांना घेऊन रामकुंडावर उभं राहणं सोपं नाही. पण त्यानंतर जे सुरू झालं त्यात उशीर विसरलो.

कपालेश्वरात शिरताना त्यांनी पोरांना एकच विचारलं, बघा इथे काय नाहीये. धाकटी पटकन म्हणाली नंदी! नाशिककराला हे माहीतच असतं, पण पूर्ण गोष्ट किती जणांना येते? मला येत नव्हती. ब्रह्मदेवाला पाच तोंडं, चार वेद म्हणायची आणि पाचवं निंदा करायचं, शंकराने चिडून ते उडवलं आणि ब्रह्महत्येचं पातक मागे लागलं. भटकत भटकत ते एका ब्राह्मणाच्या घरापाशी आले तर गोठ्यात वासरू गायीला सांगतंय की उद्या हा माझ्या नाकात वेसण घालणार, मी याला मारणार. गाय म्हणते पातक लागेल रे. वासरू म्हणतं त्यावरचा उपाय मला ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी तसंच झालं, वासरू काळं ठिक्कर पडलं, धावत येऊन गोदावरीत बुडी मारली आणि पुन्हा पांढरं झालं. शंकरानेही मागोमाग तिथेच स्नान केलं आणि सुटले. ते वासरू म्हणजेच नंदी, म्हणून नंदी झाला गुरू, आणि गुरूला आपल्यासमोर कसं बसवणार? दादांनी हे वरच्या पायऱ्यांवर बसून सांगितलं, खाली रामकुंडात लोक बुड्या मारत होते, पोरं गोष्ट ऐकता ऐकता तिकडेच बघत होती. आई म्हणाली मी इतकी वर्षं दर सोमवारी येते पण वासराचं बोलणं असं कोणी सांगितलं नव्हतं.

नारोशंकराचं देऊळ वाटेत उभ्या उभ्या झालं. १७४७ चं बांधकाम आणि वसईहून आलेली घंटा एवढं कळलं. इथे अजून थोडं थांबायला हवं होतं असं माझं मत.

मग सिन्नर. पुणे हायवेने साधारण ३० किलोमीटर. दादा म्हणाले तिकडे नंदी नव्हता, आता इथे त्याचा थाट बघा, आणि खरंच गोंदेश्वरात मुख्य देवळासमोर नंदीला स्वतंत्र मंडप आहे! सकाळी तो का नाही ते ऐकून आलो होतो म्हणून ते जास्तच जाणवलं. रचना पंचायतन, म्हणजे मधे महादेवाचं मोठं देऊळ आणि चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती, गणपती यांची छोटी देवळं, सगळं एका उंच जोत्यावर. बाराव्या शतकातलं यादवांच्या काळातलं काम. आपण सरसकट हेमाडपंती म्हणतो पण हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, म्हणजे हे देऊळ त्याच्या आधीचं, हे ऐकून मला धक्काच बसला कारण शाळेपासून तेच म्हणत आलोय.

शिखर भूमिज पद्धतीचं आहे. खालपासून वरपर्यंत उभे पट्टे जातात आणि त्यांच्या मधल्या जागेत छोटी छोटी शिखरं एकावर एक रचलेली. थोरल्याला एका ओळीतली मोजायला लावली, तो मान वर करून मोजत होता आणि दोनदा चुकला. अंबरनाथचं देऊळ याच पद्धतीचं, १०६० चं, पण तिथे शिखर शाबूत नाही, इथे डोळ्यांसमोर पूर्ण उभं आहे. आपल्या जिल्ह्यात असं काही आहे याचा अभिमान वाटतो.

मला सगळ्यात आवडलं ते पाण्याचं. आत कोणीतरी पिंडीवर तांब्याने पाणी घालत होतं, दादांनी पोरांना पटकन बाहेर उत्तरेच्या बाजूला नेलं, तिथे भिंतीतून मगरीचं तोंड बाहेर आलंय. आधी दगड नुसता ओला झाला, मग जबड्यातून बारीक धार पडायला लागली, धाकटीने हात खाली धरला. शंकराला पूर्ण प्रदक्षिणा घालत नाहीत, याच धारेपर्यंत जायचं आणि ती न ओलांडता उलटं फिरायचं, सोमसूत्री म्हणतात ती हीच. आई आयुष्यभर तशीच फिरत आली पण धार कुठून कुठे जाते हे तिने पहिल्यांदा पाहिलं. दादा तिला म्हणाले मावशी, घाई नाही, बसा, आणि ती नंदीमंडपात अर्धा तास बसली. कोणी उठवलं नाही.

तक्रारी दोनच. वेळ पाळा, आणि बुकिंगच्या वेळीच सांगा की अकरानंतर दगड इतका तापतो की अनवाणी चालवत नाही, आम्ही सावली शोधत पळत होतो. मोजे सोबत घ्या, पाणी घ्या, वयस्कर माणसं असतील तर कपालेश्वराच्या पायऱ्यांचा विचार करून घ्या. श्रावणी सोमवारी मात्र ही ट्रिप घेऊ नका, गर्दीत गोष्ट ऐकूच येणार नाही. पाचपैकी साडेचार. झोडग्याच्या माणकेश्वराला नेता का विचारलं तर दादा हो म्हणालेत, तेही भूमिजच आहे, दिवाळीनंतर जायचं ठरतंय, आईने आत्ताच मोजे काढून ठेवलेत.