मदरबोर्ड बदलल्यावर निळी स्क्रीन येऊन राहिली? फॉरमॅट मारायच्या आधी इथे दाखवा

पाच स्टार देतेय आणि जरा सविस्तर लिहितेय, कारण याच ठिकाणी अडकलेले लोक मला आजूबाजूला सारखे दिसतात. जुना मदरबोर्ड गेला, नवा बोर्ड, प्रोसेसर, रॅम घेतली, डिस्क मात्र जुन्याच लावल्या, आणि मग बटण दाबलं की विंडोजचा लोगो येतो, खाली गोल फिरतं, निळी स्क्रीन, रीस्टार्ट, परत तेच. कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं, फॉरमॅट मारावं लागेल. नागपूरच्या बर्डीतल्या या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, "ताई, फॉरमॅट काहून मारायचं, विंडोज चांगलं आहे, त्याला फक्त डिस्क दिसून नाही राहिली."

माझं नागपूरच्या महाल भागात डीटीपीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं मांडायचं काम आहे, लग्नपत्रिका, स्मरणिका, छोटी पुस्तकं. दसऱ्याच्या आधीचे दिवस म्हणजे आमचा खरा सीझन, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे जे स्टॉल लागतात त्यातल्या काही पुस्तिका आमच्याकडे लागतात आणि त्या दिवशी पुस्तक हातात नसेल तर प्रकाशकाला ते वर्षभर सांभाळत बसावं लागतं. अशात मशीन बंद. लोकांना वाटतं डेटा वाचला की झालं, डी ड्राइव्ह आहे ना जागेवर. पण आमच्या धंद्यात सी ड्राइव्हवरच सगळं असतं. जुने युनिकोड नसलेले मराठी फॉन्ट, त्यांचा कीबोर्ड, लायसन्स, पेजमेकरच्या (पानं मांडायच्या सॉफ्टवेअरच्या) सेटिंग, प्रिंटरचे प्रोफाइल. तो एक फॉन्ट नेमका तोच नसला तर पानावर मराठीच्या जागी नुसती चिन्हं दिसतात, आणि एखाद्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडीच आता कुठे मिळत नाही. म्हणून फॉरमॅट हा शब्द ऐकला की माझ्या पोटात गोळा येतो.

बोर्ड जिथून घेतला (नाव लिहीत नाही) त्यांनी बोर्ड बसवला, निळी स्क्रीन बघितली आणि सरळ विंडोजचा पेनड्राइव्ह लावायला घेतला, मी तिथेच थांबवलं आणि कॅबिनेट उचलून ऑटोत टाकून इकडे आणलं.

इथल्या दादांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी प्रश्न विचारले. निळ्या स्क्रीनचा फोटो आहे का, खाली स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचं नाव, काय लिहिलाय. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप, चालू आहे का, कारण असेल तर बोर्ड बदलल्यावर ते ४८ आकडी नंबर (रिकव्हरी की) मागतं आणि ती नसेल तर कोणीच काही करू शकत नाही. जुन्या बोर्डात साटाचा (बोर्डाला डिस्क जोडायच्या सोयीचा) मोड काय होता, आणि आधी विंडोज टाकलं तेव्हा दोन्ही डिस्क लावलेल्या होत्या का. हा शेवटचा प्रश्न मला तेव्हा विचित्र वाटला, पण अर्धं उत्तर त्यातच निघालं.

मग त्यांनी बाकी कशालाही हात न लावता दोन्ही डिस्क बाहेर काढल्या आणि दुसऱ्या मशीनवर लावून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दाखवल्या. एसएसडी निळी, म्हणजे ठीक. जुनी हार्डडिस्क पिवळी, कॉशन, खाली रीअलोकेटेड सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या खराब झालेल्या जागांचा आकडा वाढलेला. "आधी हिची कॉपी काढू, मग दुरुस्ती. मरायला टेकलेल्या डिस्कवर प्रयोग नाही करायचे." मला हे इतकं आवडलं की काय सांगू, कारण बाकी ठिकाणी आधी रिपेअर चालवतात आणि डिस्क त्यातच बसली की मग म्हणतात डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या.

आता मूळ भानगड. स्टॉप कोड होता इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस. माझ्या जुन्या मशीनमध्ये साटा कंट्रोलर रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र चालवायच्या) मोडवर होता, असेंबल करणाऱ्याने कधीतरी तसा ठेवला असेल, आणि विंडोज त्याच मोडचा इंटेलचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारं छोटं सॉफ्टवेअर) घेऊन उठायचं. नवा बोर्ड एएचसीआय या नेहमीच्या साध्या मोडवर, त्यात रेडचा पर्यायच नाही. एएचसीआयचा ड्रायव्हर विंडोजमध्ये असतोच, पण पूर्वी कधी लागला नाही म्हणून तो सुरुवातीला लोड होत नाही, आणि विंडोज अर्धवट उठून स्वतःचीच डिस्क शोधत बसतं आणि कोसळतं. दादांनी रिपेअर स्क्रीनवरून कमांड प्रॉम्प्ट उघडला, बीसीडीएडिट या विंडोजच्या कमांडने पुढच्या वेळी मशीन सेफ मोडमध्ये (मोजक्या गरजेच्या गोष्टींवर) सुरू होईल असं लावलं. सेफ मोडमध्ये विंडोज डिस्कचे बेसिक ड्रायव्हर सगळे उचलतं, त्यामुळे ते उठलं, नवीन कंट्रोलर ओळखला, मग सेफ मोडची सेटिंग काढली आणि नॉर्मल रीस्टार्ट. माझा डेस्कटॉप समोर, सगळे आयकॉन होते तिथेच. मी आधी पेजमेकर उघडून पुस्तिकेचं एक पान बघितलं, जोडाक्षरं जशीच्या तशी.

माझ्या मते काम इथेच संपलं होतं पण त्यांनी हार्डडिस्कची केबल काढून परत चालू केलं तर स्क्रीनवर नो बूटेबल डिव्हाइस, म्हणजे मशीन सुरू करता येईल अशी डिस्कच नाही. त्या शेवटच्या प्रश्नाचा अर्थ हा. विंडोज टाकताना दोन्ही डिस्क लागलेल्या असल्या की कधी कधी विंडोज जातं एसएसडीवर आणि बूटचं, म्हणजे मशीन सुरू करायच्या फाइलींचं छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा भाग), ते ईएफआयवालं, जातं दुसऱ्या डिस्कवर. म्हणजे माझं अख्खं मशीन त्या पिवळ्या हार्डडिस्कच्या भरवशावर उठत होतं आणि ती गेली असती तर एसएसडी ठणठणीत असूनही सगळं बंद. मग त्यांनी एसएसडीवर सी मधून थोडी जागा कमी करून १०० एमबीचं तसंच पार्टिशन फॅट३२ प्रकारात केलं, बीसीडीबूट या कमांडने बूटच्या फाइल तिथे लिहिल्या, बायोसमध्ये क्रम बदलला, आणि हार्डडिस्क न लावता चालू करून दाखवलं, दोनदा, एकदा मागचं स्विच बंद करून सुद्धा. हे त्यांनी केलं नसतं तरी मला कळलं नसतं.

विंडोजच्या लायसन्सबद्दल पण खरं सांगितलं. रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं असेल तर नव्या बोर्डावर नेता येतं, मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं असलं तर अ‍ॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये नुकतंच हार्डवेअर बदललं असं सांगून काम होतं. ओईएम, म्हणजे मशीनसोबतच आलेलं असेल तर ते जुन्या बोर्डासोबतच गेलं. माझं रिटेल होतं, झालं. बाजारात दोन-तीनशेला मिळणारे लायसन्सचे नंबर ते विकत नाहीत, विचारलं तर नाही म्हणतात. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार होता तर विंडोज ११ लगेच करू का विचारलं, म्हणाले नवा प्रोसेसर १२ व्या जनरेशनचा आहे, विंडोज ११ ला लागणारी टीपीएम ही सुरक्षेची सोय पण आहे, होऊन जाईल, पण आत्ता कामाच्या गर्दीत नको, दसरा होऊ द्या. नंतर त्यांच्याकडूनच वरच्या वर अपग्रेड करून घेतलं, फॉन्ट आणि सॉफ्टवेअर सगळं राहिलं.

बिल १५०० रुपये झालं, कॉपी काढायची मजुरी धरून. नवीन हार्डडिस्कचे पैसे वेगळे, तिचा बॉक्स आणि वॉरंटीचं बिल हातात दिलं आणि जुनी डिस्क न मागता परत केली. फॉरमॅट कुठेही पाचशे-सहाशेत होतो हे मला माहीत आहे, पण त्यानंतर सगळं परत बसवायला माझं जे काम बुडालं असतं त्याचा हिशोब कोणी करत नाही.

तक्रारी पण लिहिते. फोन लवकर उचलत नाहीत, दुकान पहिल्या मजल्यावर आहे आणि जिना अरुंद, कॅबिनेट घेऊन चढताना जीव जातो, त्यांनी खाली एक पोऱ्या पाठवायची सोय करायला हवी. घरी येत नाहीत. डिस्कची कॉपी निघत असताना मशीन ठेवून जावं लागतं, बसून वाट बघतो म्हटलं तर बसायला एकच स्टूल आहे. पार्किंग विसरा, मेट्रोने आलात तर सीताबर्डी इंटरचेंजवरून चालत येता येतं पण हातात कॅबिनेट असेल तर ऑटोच बरा.

येणार असाल तर निळ्या स्क्रीनचा फोटो, मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा पासवर्ड आणि जुना बोर्ड असेल तर तोही सोबत आणा, त्यावरचं मॉडेल बघून ते बरंच काही ओळखतात. आणि दुसऱ्या कोणाला मध्ये रिपेअर किंवा फॉरमॅट चालवू देऊ नका. रविवारी बंद असतं.