मोरी तुंबली म्हणून घेतलेली हँडलवाली स्प्रिंग

मशीनचं पाणी सुटलं की बाथरूमच्या जाळीतून फेस वर यायचा, एकदा तर पार पायपुसणं तरंगत पॅसेजमध्ये आलं. आधी मोरी साफ करायच्या पावडरची २ पाकिटं ओतली, त्यात कॉस्टिक सोडाच असतो, पाणी लागलं की गरम होतो, चिकटा जरा सुटला पण पाणी काही उतरेना. (पावडरीवर अ‍ॅसिड ओतू नका हां, भलतंच होईल.) मग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून ५ मीटरची स्प्रिंग आणली, साडेचारशेला.

जाळी काढली, ट्रॅपमधली वाटी काढली, ग्लोव्हज घालून स्प्रिंग आत सारली, अडकली तिथे जोर न लावता हँडल फिरवत राहिलो आणि हळूच ओढली तर केस, साबणाचा लगदा आणि शाम्पूच्या पुडीचा कोपरा असा काळा गोळा बाहेर, वास विचारू नका! दोन बादल्या ओतल्या, घळघळ गेलं पाणी.

तक्रार एकच, हँडलचा स्क्रू सारखा ढिला होतो, पक्कड जवळ ठेवा. आणि धुऊन पुसून ठेवा, आमची पहिल्याच महिन्यात गंजायला लागलीय. मी ४ स्टार देतोय, बायको म्हणते ५ दे, तिला काय, फिरवत मी होतो.