नेमस्पेस: प्रीफिक्स लावावा की डिफॉल्ट ठेवावी?

एक्सएमएलमध्ये स्वतःची मार्कअप भाषा आखताना टॅग, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांना लावायची खुणेची नावं, पटापट ठरतात. घोडं अडतं ते नेमस्पेस, म्हणजे टॅग कोणत्या शब्दसंचातला हे सांगणारं नाव, कशी जाहीर करायची यावर: दर टॅगआधी कोलन देऊन छोटं उपनाव (प्रीफिक्स) लावायचं, की एकदाच सांगून ती आतल्या सगळ्यांना आपोआप लागू (डिफॉल्ट) ठेवायची. बेळगावात आम्ही मराठी-कन्नड स्मरणिका करतो. मजकुराचा एक शब्दसंच, पानाच्या मांडणीचा दुसरा, आणि ‘शीर्षक’ दोन्हींत. टाइप करणारी मुलं खानापूर-निपाणीकडची, म्हणून टॅग देवनागरीतच ठेवले. एक्सएमएलची त्याला हरकत नाही.

प्रीफिक्सची बाजू तशी भक्कम आहे. ‘म:शीर्षक’ मजकुराचं, ‘प:शीर्षक’ पानाचं. फाइलचा मधलाच तुकडा उघडला तरी कोण कुणाचं ते कळतं. जाहीर न केलेला प्रीफिक्स वापरलात तर नेमस्पेस पाळणारा पार्सर, म्हणजे फाइल वाचणारा प्रोग्राम, तिथेच अडवतो. शिवाय ॲट्रिब्यूटला (टॅगच्या आतच लिहिलेल्या जास्तीच्या माहितीला) नेमस्पेस हवी असेल तर प्रीफिक्सवाचून गत्यंतर नाही, डिफॉल्ट फक्त एलिमेंटपुरती (टॅगची जोडी आणि तिच्या आतलं सगळं, तो एक एलिमेंट).

पण माझं मन उडालं ते विसर्गामुळे. ‘दु:ख’ कोलन देऊन लिहिणारे आपण लोक. उलटंही तितकंच होतं. ‘म:शीर्षक’ लिहायचं तिथे ‘मःशीर्षक’ पडतं. आता पडद्यावर फरक दाखवा बघू! विसर्ग हे नावात चालणारं अक्षर, त्यामुळे पार्सरला तो बिनप्रीफिक्सचा, नवाच टॅग वाटतो. बंद होणारा टॅग एडिटर आपोआप भरतो, म्हणजे जोडीही जुळते. एरर नाही, काही नाही. प्रूफ हातात येतं तेव्हा अध्यक्षांच्या मनोगताचं शीर्षक गायब, आणि फोन थेट अध्यक्षांचा. स्कीमा (कोणते टॅग कुठे चालतात याची नियमावली) लावला तर हे सापडतं, मान्य. पण गणपती तोंडावर आले असताना दर फाइलला स्कीमा कोण लावतो?

डिफॉल्टमध्ये कोलनच नाही. लेखाच्या सगळ्यात बाहेरच्या एलिमेंटवर एकदा जाहीर केलं की आतल्या सगळ्यांना लागू. मध्ये मांडणीचा तुकडा आला तर त्याच्यावर त्याची वेगळी. नेमस्पेसबद्दलच्या डब्ल्यूथ्रीसीच्या (वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या) १९९९च्या शिफारशीआधी एका मसुद्यात ही घोषणा फाइलच्या डोक्यावर, प्रोसेसिंग इन्स्ट्रक्शनमध्ये (प्रोग्रामसाठीच्या वेगळ्या सूचनेत) होती. ती ॲट्रिब्यूटमध्ये आली हे बरंच झालं, कारण लेख या अंकातून त्या अंकात उचलताना त्याची नेमस्पेस त्याच्यासोबतच जाते.

किंमत मोजावी लागते ती एक्सपाथमध्ये, म्हणजे फाइलमधले टॅग शोधण्याच्या भाषेत. १.० आवृत्तीत ‘शीर्षक’ असं साधं शोधलं तर हाती भोपळा, कारण तिथे बिनप्रीफिक्सचं नाव म्हणजे नेमस्पेसच नसलेलं. शोधताना तेवढ्यापुरता प्रीफिक्स बांधावा लागतो. फाइलचं रूपांतर करणाऱ्या एक्सएसएलटी भाषेच्या २.० आवृत्तीत यावर सोय आहे, पण आमची साधनं जुनीच. तरी हा ताप माझा एकट्याचा, आणि स्क्रिप्ट लिहितानाच समोर येतो.

एचटीएमएल५ने घोषणेचा प्रश्नच निकालात काढला, चित्रांची एसव्हीजी आणि गणिताची मॅथएमएल या भाषा पार्सरलाच पाठ. आपल्या शब्दसंचाला मात्र तिथे जागा नाही.

टॅग रोमनमध्ये असतील किंवा फाइल प्रोग्रामच तयार करत असेल, तर प्रीफिक्स बहुधा बरा. देवनागरी टॅग हाताने टाइप होणार असतील तर मी डिफॉल्टकडेच झुकेन. मधला मार्ग म्हणून प्रीफिक्स तेवढा रोमन ठेवता येतो. रोमन अक्षरामागचा विसर्ग बहुतेक फॉन्टांत टिंबांच्या वर्तुळासकट उठून दिसतो. फक्त दर टॅगला कीबोर्ड बदलावा लागतो, आणि मुलं चहाच्या वेळेपर्यंतच तो नियम पाळतात.