सोलापूरच्या उन्हात पद्मिनी: इलेक्ट्रिक पंखा टाकायचा की रेडिएटरचा कोअर बदलायचा?

जुनी गाडी गरम होते असं सोलापुरात कुणाला सांगितलं की दोन सल्ले हमखास मिळतात. कुणी म्हणतं इलेक्ट्रिक पंखा टाका, कुणी म्हणतं रेडिएटर उघडून कोअर, म्हणजे त्यातला पाण्याच्या नळ्यांचा गाभा, बदला. माझ्या प्रीमियर पद्मिनीवर मी दोन्ही केलं, पण उलट्या क्रमाने, आणि त्यात एक उन्हाळा गेला. तुम्ही याच पेचात असाल तर पैसे काढण्याआधी आठवडाभर फक्त एक गोष्ट बघा: तापमानाचा काटा नेमका कधी चढतो?

सात रस्त्याच्या सिग्नलला चढतो आणि मोहोळ रोडला गाडी पळायला लागली की उतरतो? मग वारा कमी पडतोय. पद्मिनीचा पंखा वॉटर पंपाच्या दांड्यावर असतो आणि बेल्टने फिरतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिन मंद, म्हणजे पंखाही मंद. याउलट शहरात काटा मधोमध राहतो पण तुळजापूरच्या घाटात किंवा सत्तरच्या वेगात वर जातो, तर वारा भरपूर आहे, पाणीच रेडिएटरमधून नीट फिरत नाही. पहिल्या दुखण्यावर पंख्याचा उपयोग होतो, दुसऱ्यावर कोअरचा. अदलाबदल चालत नाही.

माझी गाडी सिग्नलला तापायची, म्हणून मी पंखा टाकला. वीजपंख्याचा फायदा खरा आहे. इंजिन कितीही मंद असो, तो पूर्ण वेगाने ओढतो, आणि मे महिन्यात ४२-४३ अंशांत अशोक चौकातल्या गर्दीत तो फरक काट्यावर लगेच दिसतो. खर्चही दोन्हींत कमी. पण तो आठ-दहा अँपियर करंट खातो. जुन्या पद्मिनीत बॅटरी चार्ज करायला अल्टरनेटर नसतो, जुन्या पद्धतीचा डायनॅमो असतो, आणि इंजिन आयडलला, म्हणजे मंद चालत असताना, डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. म्हणजे पंख्याची गरज सर्वांत जास्त असते नेमकी तेव्हाच तो बॅटरी रिकामी करत असतो. रात्री हेडलाइट लावून गर्दीतून आलो आणि सकाळी गाडीने सेल्फ घेतला नाही, तेव्हा हे गणित मला समजलं. अल्टरनेटर बसवलेला असेल तर पंखा जरूर घ्या, मात्र रिले (पंख्याचा जड करंट सांभाळणारा स्विच), फ्यूज आणि तापमानाचा स्विच लावूनच. डॅशबोर्डवर नुसतं बटण ठेवलं तर एक दिवस ते दाबायचं राहून जातं. डायनॅमोच असेल तर मूळ पंख्याभोवती पत्र्याचा श्राउड, म्हणजे वेढणारं आवरण, करून घ्या. मंद फिरणारा पंखाही मग बाजूची हवा न ओढता रेडिएटरमधूनच हवा ओढतो. त्याआधी बेल्ट अंगठ्याने दाबून बघा. सेंटिमीटरभरापेक्षा फार जास्त दबत असेल तर निम्मं दुखणं तिथेच असतं.

पंखा लागला, सिग्नलचा त्रास थांबला, आणि पुढच्याच महिन्यात तुळजापूरच्या चढावर पाणी उकळलं. रेडिएटर उघडला तेव्हा खालच्या अर्ध्या नळ्या पांढऱ्या थराने बुजलेल्या होत्या. हे आपल्या गावाचं खास दुखणं आहे. नळाला कैक दिवसांआड पाणी, म्हणून घरोघर बोअर, आणि तेच जड पाणी आपण वर्षानुवर्षं गाडीत ओततो. बादलीला आणि गिझरच्या कॉइलला धरणारा क्षार रेडिएटरलाही धरतो, फक्त तिथे तो दिसत नाही.

थर कोवळा असेल तर नळ्यांतून सळई फिरवून रेडिएटर साफ होतो. माझ्या नळ्या त्यापलीकडे गेल्या होत्या. मग प्रश्न उरतो तो तांब्या-पितळेचा नवा कोअर की आख्खा अॅल्युमिनियमचा रेडिएटर. अॅल्युमिनियम हलका, नळ्या रुंद, आणि तेवढ्याच जागेत उष्णता चांगली टाकतो. तरी मी तांब्या-पितळेचाच घेतला, नळ्यांची एक रांग वाढवून. कारण साधं आहे: तो गळला तर आपल्याकडचा कुठलाही जुना रेडिएटरवाला अर्ध्या तासात डाग देऊन देतो. अॅल्युमिनियमला वेगळं वेल्डिंग लागतं, आणि जड पाणी त्याला लवकर खातं. शिवाय मूळच्या टाक्या कायम राहतात, बोनेट उघडल्यावर गाडी आपलीच वाटते. माझ्यासाठी ही गोष्ट छोटी नाही. फियाट ११०० डिलाइट म्हणून १९६४ मध्ये कुर्ल्यात सुरू झालेली आणि १९७४ पासून पद्मिनी झालेली ही गाडी ज्या कंपनीची, तिचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ मध्ये सोलापुरातच जन्मले. या गावात ती जपताना तिचं मूळ रूप राखावंसं मला मनापासून वाटतं.

काहीही निवडा, पण नव्या कोअरमध्ये बोअरचं पाणी घालू नका. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट घाला. आपल्याकडे पाणी गोठत नाही, त्यामुळे निम्मं-निम्मं मिश्रण करायची गरज नाही, तीस टक्के कूलंट गंज रोखायला पुरतं. साधं पाणी मिश्रणापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं, म्हणून उगाच जास्त कूलंट घालून फायदा नसतो. रेडिएटरची कॅपही बदला. सोलापूर साधारण साडेचारशे मीटर उंचीवर आहे, इथे उघडं पाणी शंभराच्या जरा आधीच उकळतं. कॅप धरून ठेवते त्या दाबाच्या प्रत्येक पौंडामागे उकळबिंदू सुमारे दीड अंशाने वर जातो. कॅपचं रबर कडक झालं की तो सगळा फायदा गेला.

तिसरा सल्ला फुकट मिळतो: "काका, थर्मोस्टॅट काढून टाकू की ओ, गाडी गारच राहील." काढू नका. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारी झडप. बुजलेल्या रेडिएटरला त्याने काही होत नाही, गाडी फक्त चार किलोमीटर उशिरा तापते. डिसेंबरच्या सकाळी मात्र इंजिन थंडच चालत राहतं, पेट्रोल जास्त जातं आणि झीज वाढते. शंका असेल तर तो पातेल्यात पाणी उकळून त्यात टाका. उघडताना दिसला की ठीक आहे.

आणि काटा मधोमध असतानाच दुपारी गाडी फुर्र फुर्र करून बंद पडत असेल, तर यातलं काहीच करू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इंजिनला चिकटलेल्या पेट्रोल पंपात त्याची वाफ होते. पंपावर ओलं फडकं ठेवा. दहा मिनिटांत गाडी चालू झाली तर रेडिएटरवाल्याकडे जायचं कारण नाही. पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून लांब घ्या आणि जुने रबरी पाइप इथेनॉलला टिकणारे टाकून घ्या.

अल्टरनेटर नसलेल्या गाडीसाठी माझा क्रम आता असा असेल: बेल्ट, कॅप, कोअर, मग श्राउड. टायमिंग (प्लगची ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलंय का तेही याच वेळी तपासून घ्या, त्यानेही इंजिन तापतं. माझा वीजपंखा काढून माळ्यावर ठेवलाय. अल्टरनेटर बसवला की तो पुन्हा लागेल, कारण जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानाच्या बाजूने जायचं म्हणजे तासभर पहिल्या गिअरमध्येच जावं लागतं.