‘लॅसी कम होम’ : विकलेली कुत्री घरी येते

अमळनेरला आमच्याकडे रविवारी कळण्याची भाकरी आणि भरीत झालं, की दुपारी आईसोबत एखादा जुना सिनेमा पाहतो. या रविवारी ‘लॅसी कम होम’ लावला. १९४३चा, रंगीत, दीड तासाच्या आत संपणारा. लहानगी एलिझाबेथ टेलरही यात आहे.

गोष्ट इंग्लंडमधल्या यॉर्कशायरची. बापाचं काम सुटलेलं, म्हणून जो नावाच्या पोराची कॉली जातीची कुत्री ड्यूकला, म्हणजे तिथल्या बड्या सरदाराला, विकावी लागते. रोज चारला शाळेबाहेर ‘जो’ची वाट पाहणारी लॅसी थेट स्कॉटलंडला जाते. तिथून निसटते आणि शेकडो मैल घराकडे चालत राहते.

वाटेत साहस भरपूर आहे. पण मला धरून ठेवलं ते विक्रीनंतरच्या घरानं. जोची आई पोरावरच चिडते, बाप नजर चुकवतो. ७२च्या दुष्काळात वडिलांनी बैलजोडी विकली, तेव्हा बाजारातून ते नुसती दावी घेऊन आले होते. त्या रात्री घरात कोणी कोणाशी बोललं नाही. आईला इंग्रजी येत नाही, मी सांगत होतो. इथं तीच म्हणाली, “ते कुत्रं नई शे, घरनं माणूस शे.” (ते कुत्रं नाही, घरचं माणूस आहे.) मग मी सांगणं थांबवलं.

लॅसीचं काम पॅल नावाच्या नर कुत्र्यानं केलंय. नदी पोहून काठाला लागल्यावर तो इतका दमलेला दिसतो, की आपलाच श्वास अडकतो. फिरत्या विक्रेत्या रोलीचा तुकडाही फार जिव्हाळ्याचा, एडमंड ग्वेननं तो सुंदर केलाय. मात्र चोरांच्या हल्ल्यात त्याची चिमुकली कुत्री मरते. लहान पोरांना जवळ घेऊन बसा.

एक गोष्ट पटली नाही. शेवटी ड्यूक बापाला नोकरी देतो आणि सगळं सुरळीत होतं. ज्या गरिबीनं कुत्री विकायला लावली, ती अशी मालकाच्या मर्जीनं सुटते का? तिथं सिनेमा घाईत आहे.

पण शाळा सुटते, तेव्हा चार वाजलेले असतात. बाहेर लॅसी असते, थकलेली, लंगडणारी. जो धावत जाऊन तिला मिठी मारतो. आई पदर डोळ्यांना लावून पडद्यावरच्या त्या पोरालाच सांगत होती, “पहिले तिले पानी दे ना रे.”