दूरची फायरवॉल: मायक्रोटिक की ओपीएनसेन्स?

मी राहतो फोंड्याला आणि सांभाळायची फायरवॉल आहे पाळोळ्याला, मेहुण्याच्या गेस्टहाउसात. मधे करमलघाट. नेटवर्किंग हा माझा धंदा नव्हे. आयपी पत्ता, पोर्ट, नॅट इथवर समजतं. तुमचीही मजल एवढीच असेल, तर दोन्ही (मायक्रोटिक म्हणजे राउटरची छोटी डबी, ओपीएनसेन्स म्हणजे पीसीवर टाकायची फायरवॉल प्रणाली) वापरून झालेलं मत सांगतो.

समजायला ओपीएनसेन्स सोपं, हे आधीच कबूल. नियम इंटरफेसनिहाय, म्हणजे प्रत्येक जाळ्याचे वेगळे, मांडलेले असतात, वरून खाली वाचत जायचं, सहसा पहिला जुळला की विषय संपला. काय अडलं ते लाइव्ह लॉगमध्ये लगेच दिसतं. मायक्रोटिकमध्ये नवखा माणूस ‘इनपुट’ आणि ‘फॉरवर्ड’ यांतच अडकतो. खुद्द राउटरकडे येणारं ते इनपुट, त्यातून पलीकडे जाणारं ते फॉरवर्ड. पाहुण्यांच्या वायफायवरून सीसीटीव्हीकडे जाणारी वाट अडवायची असेल, तर नियम फॉरवर्डमध्ये हवा. इनपुटमध्ये कितीही लिहा, कॅमेरे उघडेच.

किंमत आणि वीज या बाबतीत मायक्रोटिकची छोटी डबी बरी. पावसाळ्यात काणकोणात वीज गेली की ती इन्व्हर्टरवर निवांत चालते. ओपीएनसेन्सला छोटा का होईना, पीसी लागतो. पण माझा निर्णय त्यावर झाला नाही.

झाला तो ‘अप्लाय’च्या बटणावर. ओपीएनसेन्सच्या नेहमीच्या नियमांच्या पानावर ते दाबलं की बदल लागू. त्यात आपलीच वाट बंद झाली, तर तो आपोआप मागे फिरत नाही. मग फोन रिसेप्शनवरच्या मुलाला. “दादा, बंद करून चालू करू?” त्याने काही होत नाही, कारण बदल साठवला गेलेला असतो. मॉनिटर आणि कीबोर्ड थेट त्या पीसीला जोडून पडद्यावरच्या (कन्सोलच्या) मेनूतला 13 क्रमांकाचा पर्याय घ्यायचा, म्हणजे जुना बॅकअप परत येतो. गेस्टहाउसात मॉनिटर कुठला? नियमांच्या दुसऱ्या एका पानावर सेव्हपॉइंट आहे, 60 सेकंदांत पक्कं केलं नाही तर बदल रद्द होतो, हे खरं. पण ते पान नवख्याला सापडायला हवं ना!

मायक्रोटिकच्या विनबॉक्समध्ये (राउटर सांभाळायच्या प्रोग्राममध्ये) ‘सेफ मोड’ अगदी समोर असतो. दाबून काम सुरू करायचं. जोडणी तुटली तर साधारण 9 मिनिटांत केलेले बदल आपोआप मागे जातात. तेवढ्यात चहा होतो, मुलाला फोन करावा लागत नाही. एक मर्यादा लक्षात ठेवा: इतिहासात 100 कृतीच मावतात, त्यापुढे गेलात तर सेफ मोड सुटतो आणि काहीही मागे फिरत नाही. म्हणून थोडं बदलायचं, पक्कं करायचं, मग पुढचं.

दोन्हीकडे फसवणारी गोष्ट एकच. आधीपासून चालू असलेली जोडणी नव्या नियमाने सहसा तुटत नाही. समोरची खिडकी चालते म्हणून सगळं ठीक समजायचं नाही. बदल पक्के करायला सेफ मोड सोडण्याआधी मोबाइलच्या डेटावरून नव्याने आत शिरून पाहा.

आत शिरायचं तेही वायरगार्ड या व्हीपीएनमधून, म्हणजे खासगी बोगद्यातून. दोन्हींत ते आहे. विनबॉक्सचं 8291 पोर्ट जगाला उघडं ठेवू नका. 2018 मध्ये त्यातल्या एका त्रुटीमुळे जगभरचे राउटर हल्लेखोरांच्या हाती गेले होते. इंटरनेटवाल्याकडून पब्लिक आयपी मिळत नसेल, तर पब्लिक आयपी असलेल्या ठिकाणी, भाड्याच्या सर्व्हरवर म्हणा, वायरगार्डचं दुसरं टोक ठेवा आणि जोडणी गेस्टहाउसातल्या डबीकडून बाहेर काढा. किपअलाइव्ह (जोडणी जागी ठेवणारा ठरावीक वेळाचा संदेश) 25 सेकंद ठेवला की पुरतं.

तिथे कुणी जाणतं माणूस असेल, किंवा सविस्तर लॉग हवेच असतील, तर ओपीएनसेन्स घ्यायला माझी ना नाही. माझ्या स्वतःच्या घरी तेच चालतं; तिथे मॉनिटर हाताशी आहे. पाळोळ्याला मात्र मायक्रोटिक आहे, आणि मेहुण्याने काणकोण बाजारात दुसरी जागा घेतली तर तिथेही तेच बसवीन.