बूट विकला, पण जखम पाहिलीच नाही

२०,७०० रुपये. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या पायाच्या नावाखाली आमच्याकडून एवढे उकळले, आणि जखम वाढली ती वेगळीच.

आप्पा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. शुगर जुनी. तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जखम झाली. पाय बधिर, त्यामुळे दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. अशा जखमेवरचा भार काढायला गुडघ्यापर्यंतचा वॉकर बूट देतात, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. म्हणूनच तर विश्वास बसला. सगळीच थाप असती तर शिबिरात बूट विकणाऱ्या त्या माणसाचं ऐकलंच नसतं.

मोफत मधुमेह शिबिर, मंगल कार्यालय, पांढरा कोट. बुटाचे १८,५०० सांगितले. ६,५०० रोख आणि १२,००० यूपीआयने, तेही कंपनीच्या नव्हे तर कुणा माणसाच्या खात्यात. जेलच्या सोलचे २,२०० वेगळे. बिल मागितलं तर हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली. पक्कं बिल नसेल तर पैसे देऊच नका.

कळायला हवं होतं ते तिथेच. त्या माणसाने आप्पांच्या पायाची पट्टी सोडलीच नाही! चपलेचा नंबर तेवढा विचारला. जखम चवड्याला आहे की टाचेला, किती खोल, पू आहे का, काही नाही. पायाच्या नाडीला हात लावला नाही. नायलॉनचा बारीक दोरा तळव्याला टेकवून बधिरपणा बघतात, तेही केलं नाही. मी शेजारीच उभा होतो. पण बापाचा पाय कापावा लागेल या धास्तीत असलेल्या माणसाने पांढऱ्या कोटाला उलटे प्रश्न विचारायचे कसे? ओळखीची दोन माणसंही तिथेच पैसे मोजत होती.

आला तो बूट घोट्याच्या वर जेमतेम चार बोटं. वर त्याने सांगितलेलं, "बूट घातल्यावर ड्रेसिंगची गरज नाही." पट्टा घोट्याला घासून तिथे दुसरी जखम झाली. बधिर पायाला तीही कळली नाही, वास आल्यावर आम्हाला कळली. बूट कुठलाही असो, तो रोज काढून पाय बघा.

मिरजेला दाखल केलं. आधी जंतुसंसर्ग आटोक्यात आणला, रक्तपुरवठा तपासला, मग गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. चवड्याच्या अशा जखमेला काढता न येणारं साधन आधी वापरतात, कारण काढता येणारा बूट माणूस घरात हमखास काढून ठेवतो. दुसऱ्या पायाच्या चपलेची उंचीही वाढवून दिली, नाहीतर कंबर धरते. त्या शिबिरात यातलं अवाक्षर नव्हतं.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस ठाण्यात विचारलं, "बूट मिळाला ना? मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." शिबिरवाल्यांच्या पत्रकावर 'मधुमेह मुळासकट बरा' असं छापलंय, आणि अशी जाहिरात १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पत्रक पुढे केलं, ते वाचलंसुद्धा नाही. दुसऱ्या सरकारी कार्यालयात ऐकवलं, "बूट म्हणजे औषध नाही, आमच्याकडे येत नाही." अहो, १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्याच कायद्याखाली आलीत! हे सामान्य माणसाने साहेबांना शिकवायचं? अर्जाची पोच मागितली तर "साहेब मीटिंगला गेलेत". आजारी माणूस घरी ठेवून असल्या दारांपुढे किती ताटकळायचं? लोक कंटाळून गप्प बसतात, आणि हे लोक पुढच्या तालुक्यात तंबू ठोकतात.

आम्ही गप्प बसणार नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५. तासगाव, विटा, मिरज, कुठेही असं शिबिर भरलं असेल आणि तुम्ही पैसे दिले असतील, तर यूपीआयचा स्क्रीनशॉट, चिठ्ठी आणि पत्रक जपून ठेवा. रागाच्या भरात बूट फेकू नका, तोच पुरावा आहे.